एकाहून अधिक ड्राइव्ह असलेल्या घरच्या संगणकासाठी बॅकअप सॉफ्टवेअर कसे निवडावे

सांगली-मिरज परिसरातील घरांत एकच हार्ड डिस्क असलेला डेस्कटॉप आता कमीच पाहायला मिळतो. वेग वाढावा म्हणून मागाहून बसवलेल्या एसएसडीवर विंडोज असते, जुनी हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये तशीच राहिलेली असते, आणि तिच्यावर दुकानाचा टॅलीचा डेटा, मुलांचे प्रकल्प, सातबारा व खरेदीखतांचे स्कॅन, लग्न-मुंजींचे फोटो असे वर्षानुवर्षांचे साहित्य साठत गेलेले असते. शिवाय यूएसबीने जोडायची एखादी एक्स्टर्नल डिस्क कपाटात असते. अशा संगणकासाठी बॅकअप सॉफ्टवेअर शोधायला बसलेल्या नवख्या माणसाला सगळीच नावे सारखी वाटू लागतात, कारण प्रत्येक उत्पादन संपूर्ण संरक्षणाची ग्वाही देते. ते आपल्या कोणत्या ड्राइव्हला हात लावते आणि कोणता वगळते, हे मात्र सेटिंग उघडून पाहिल्याखेरीज कळत नाही.

म्हणून या लेखात निवडीचा विचार उलट बाजूने, म्हणजे डेटा परत मिळवण्याच्या बाजूने केला आहे. एखादी डिस्क बंद पडली, तर कोणती फाइल, कोणत्या तारखेची, किती वेळात आणि कोणत्या यंत्रावर परत हवी आहे, हे आधी ठरवले की सॉफ्टवेअरची निवड बरीच सोपी होते. उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी धरू : आत २५६ जीबीची एसएसडी, तिच्यावर विंडोज ११, आतच १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर सुमारे ६०० जीबी डेटा, आणि बाहेरून जोडायची २ टीबीची डिस्क.

पहिली पायरी : ड्राइव्हची खरी यादी

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. खालच्या भागात आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला डिस्क ०, डिस्क १ असे लिहिलेले असते. ती खरीखुरी, हातात धरता येणारी डिस्क. आणि पट्टीतील चौकटी म्हणजे तिचे पार्टिशन. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण असेम्बल करून घेतलेल्या अनेक संगणकांत एकाच डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून दिलेले असतात, आणि घरातील मंडळी सी ड्राइव्हवरील फाइली डी ड्राइव्हवर कॉपी करून निश्चिंत होतात. ती डिस्क बिघडली की तिन्ही भाग एकदमच जातात. तेव्हा कागदावर लिहिताना अक्षरे न लिहिता आधी डिस्क लिहावी, आणि तिच्याखाली तिची अक्षरे लिहावीत.

विंडोज असलेल्या डिस्कच्या पट्टीत सी ड्राइव्हच्या बाजूला दोन लहान चौकटी दिसतील, ज्यांना अक्षर नसते. त्यांपैकी एक साधारण १०० ते काहीशे एमबीचा ईएफआय सिस्टम पार्टिशन असतो, तर दुसरा रिकव्हरी पार्टिशन असतो. संगणक सुरू होण्यासाठी लागणारी माहिती ईएफआय पार्टिशनमध्ये असते. पुढे संपूर्ण डिस्कचा बॅकअप घेताना ही चौकट वगळली गेली, तर सी ड्राइव्ह जसाच्या तसा परत मिळूनही संगणक चालू होत नाही, आणि तो चालू करून घेण्यासाठी जाणकाराचे पाय धरावे लागतात.

यानंतर प्रत्येक ड्राइव्हवर काय आहे ते लिहावे, आणि त्यापुढे एकच गोष्ट नोंदवावी : हे गेले तर पुन्हा मिळू शकते का? विंडोज पुन्हा बसवता येते. उतरवून घेतलेले चित्रपट पुन्हा मिळतात. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ मिळत नाही. या वर्गवारीमुळे बॅकअपचा आकार आणि पर्यायाने खर्च निम्म्याने कमी होऊ शकतो.

यादी करताना काही जागा हमखास सुटतात, म्हणून त्यांचा उल्लेख येथे वेगळा करतो. टॅलीचा डेटा आपण सांगितला नसेल, तर बहुधा सी ड्राइव्हवरील यूजर्स, त्यातील पब्लिक आणि त्याच्या आतील टॅलीच्या फोल्डरमध्ये, आकडी नावाच्या उपफोल्डरांत असतो. ‘माझा सगळा डेटा डी वर आहे’ असे समजणाऱ्यांचे हिशेब सी वर निघतात, ते यामुळेच. दुसरी जागा फॉन्टची. ज्या घरात कोणी डीटीपीचे काम केलेले आहे, तेथे जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पत्रिका, अहवाल आणि प्रश्नपत्रिका असतात. ती फाइल सुरक्षित राहिली आणि फॉन्ट मात्र विंडोजबरोबर गेला, तर उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. त्यामुळे त्या फॉन्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढून त्या बॅकअपमध्ये घ्याव्यात. तिसरी जागा वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीची. वनड्राइव्हच्या फोल्डरमधील ज्या फाइलीच्या नावापुढे ढगाचे चिन्ह दिसते, ती फाइल संगणकावर नसतेच. तेथे फक्त तिची खूण असते, आणि अनेक बॅकअप सॉफ्टवेअर अशा फाइली वगळतात. त्या हव्या असतील, तर फाइलीवर उजवी क्लिक करून ती कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय आधी निवडावा लागतो.

दुसरी पायरी : कशापासून वाचायचे आहे

चुकून डिलीट झालेली फाइल, बिघडलेली डिस्क, विजेचा दणका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर), चोरी आणि पाणी ही नेहमीची संकटे आहेत. एकाच उपायाने या सर्वांवर मात करता येत नाही, आणि अनेक ड्राइव्ह असलेल्या संगणकाच्या मालकाची सर्वांत मोठी गैरसमजूत येथेच होते. आतली दुसरी डिस्क पहिलीच्या बिघाडापासून वाचवते, पण एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर वीज कडाडते आणि वीजपुरवठ्याला झटका बसून एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) जळतो, तेव्हा त्याला जोडलेल्या सर्वच डिस्क एकाच वेळी धोक्यात येतात. रॅन्समवेअर तर ज्या ज्या ड्राइव्हला अक्षर आहे, त्या सर्वांवर फिरते. कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही त्यात आलीच. दोन डिस्कवर एकच डेटा एकाच वेळी लिहिणारी रेड ही व्यवस्थाही बॅकअप ठरत नाही, कारण एका डिस्कवरून फाइल डिलीट केली की दुसरीवरूनही ती त्याच क्षणी नाहीशी होते.

पाण्याबद्दल सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि जुलै २०२१ मध्येही ते धोका पातळीच्या बरेच वर होते. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातील तळमजल्यावरच्या संगणकाचा बॅकअप त्याच टेबलाच्या खणात असणे पुरेसे का नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. वरच्या मजल्यावर नेलेली डिस्क भिजत नाही हे खरे, पण पुराच्या दिवसांत तेथपर्यंत पोहोचताच येत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी प्रचलित केलेला ‘३-२-१’ हा नियम येथे उपयोगी पडतो : डेटाच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. आपल्या उदाहरणात मूळ डेटा आतल्या डिस्कवर, दुसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या ठिकाणी असेल. सॉफ्टवेअर निवडताना त्याने या दोन्ही प्रती हाताळायला हव्यात, किंवा त्यासाठी दोन सॉफ्टवेअर वापरायला हवीत. दोन वापरण्यात गैर काहीच नाही. अनेक ड्राइव्ह असलेल्या संगणकासाठी मी तेच सुचवेन.

तिसरी पायरी : सॉफ्टवेअरचे प्रकार ओळखणे

बाजारातील नावे शेकडो असली, तरी मूळ प्रकार मोजकेच आहेत. पहिला प्रकार इमेज बॅकअपचा. यात संपूर्ण डिस्कची किंवा पार्टिशनची प्रतिकृती एका मोठ्या फाइलमध्ये साठवली जाते. एसएसडी बंद पडली तर नवी एसएसडी बसवून, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि सर्व सॉफ्टवेअर यांसह संगणक पूर्वीच्या स्थितीत आणता येतो. दुसरा प्रकार फाइल बॅकअपचा. यात निवडलेल्या फोल्डरांतील फाइली आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. तिसरा सिंक्रोनायझेशनचा, ज्यात एक फोल्डर दुसऱ्यासारखे ठेवले जाते. चौथा क्लाउड बॅकअपचा, ज्यात इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या साठवणीत प्रत ठेवली जाते. डिस्क क्लोन करण्याची सोय हीसुद्धा अनेक ठिकाणी बॅकअपच्या नावाखाली दिसते, परंतु ती डिस्क बदलताना एकदा वापरायची सोय आहे, नित्याची नाही.

यांतील तिसऱ्या प्रकाराबाबत सावध राहावे. फ्रीफाइलसिंकसारखे चांगले विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, आणि विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे; दोन्हींमध्ये ‘मिरर’ ही पद्धत असते. मिररचा अर्थ असा की, मूळ ठिकाणी जे नाही ते प्रतीमधूनही काढून टाकले जाते. मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले आणि त्यानंतर मिरर चालवले, तर प्रतही रिकामी होते. अनेक एक्स्टर्नल डिस्क वापरणाऱ्यांच्या बाबतीत याहून वाईट होऊ शकते : काल एफ अक्षर असलेली डिस्क आज जोडली नाही आणि तेच अक्षर दुसऱ्या डिस्कला मिळाले, तर मिररची आज्ञा भलत्याच डिस्कवर चालते. फ्रीफाइलसिंकमध्ये डिलीट होणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची, म्हणजे व्हर्जनिंगची सोय आहे. ती चालू केल्याशिवाय त्याचा वापर बॅकअपसाठी करू नये.

चौथी पायरी : अनेक ड्राइव्हसाठी तपासायचे प्रश्न

एखादे सॉफ्टवेअर मनात भरले की ते बसवण्यापूर्वी त्याच्या मदतपुस्तिकेत पुढील गोष्टी शोधाव्यात. विक्रीच्या पानावर त्या सापडत नाहीत.

पहिला प्रश्न : ते आपोआप काय निवडते? विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’चे उदाहरण घ्या. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय तासातासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती ठेवते आणि चांगली चालते. पण ती फक्त लायब्ररीतील (विंडोजच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा गटांतील) फोल्डर, डेस्कटॉप आणि अशाच ठराविक जागांकडे पाहते. डी ड्राइव्हवरील ‘दुकान’ नावाचे फोल्डर तुम्ही लायब्ररीत जोडले नसेल, तर त्याची एकही प्रत कधीच निघत नाही, आणि तसे कळवणारी सूचनाही येत नाही. मॅकवरील टाइम मशीनमध्येही हेच आहे : बाहेरून जोडलेल्या डिस्क सुरुवातीला वगळलेल्या यादीत असतात, आणि त्यांचा बॅकअप हवा असेल तर त्या यादीतून त्या स्वतः काढाव्या लागतात. म्हणून कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘संपूर्ण संगणक’ असे शब्द दिसले, की त्यात बाहेरच्या डिस्क धरल्या आहेत का, हे तपासून पाहावे.

दुसरा प्रश्न : ड्राइव्ह कशावरून ओळखला जातो? अक्षरावरून ओळखणारे सॉफ्टवेअर वर सांगितल्याप्रमाणे फसू शकते. डिस्कच्या सिरियल नंबरवरून किंवा तिच्या अंतर्गत ओळखीवरून ओळखणारे असेल तर उत्तम. तसे नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे, उदाहरणार्थ एक्स किंवा झेड हे अक्षर एकदा कायमचे देऊन टाकावे आणि तिचे नावही ‘बॅकअप १’ असे स्पष्ट ठेवावे.

तिसरा प्रश्न : उघड्या फाइलींचे काय? दुकानात टॅली दिवसभर चालू असते. विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची यंत्रणा आहे, जी एका क्षणीची ड्राइव्हची स्थिती गोठवून तिची प्रत घेऊ देते. जे सॉफ्टवेअर ही यंत्रणा वापरते, ते उघडी फाइलही घेऊ शकते; जे वापरत नाही, ते ती फाइल सोडून पुढे जाते. तरीही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून रात्री बॅकअप घेणे अधिक भरवशाचे आहे, आणि टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीने घेतलेली प्रतही सोबत असू द्यावी.

चौथा प्रश्न आवृत्त्यांचा. पहिल्यांदा सगळे घेतले जाते, तो पूर्ण बॅकअप. त्यानंतर केवळ मागच्या बॅकअपनंतरचे बदल घेतले, तर तो इन्क्रिमेंटल. पूर्ण बॅकअपनंतरचे सगळे बदल दरवेळी घेतले, तर तो डिफरन्शियल. इन्क्रिमेंटल जागा कमी घेतो, परंतु त्याच्या फाइली माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींत ओवलेल्या असतात. मधली एक खराब झाली की तिच्यापुढच्या निरुपयोगी होतात. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा पूर्ण बॅकअप आपोआप घेण्याची आणि जुनी साखळी नंतर काढून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी. फोटोंच्या बाबतीत किमान काही महिने मागे जाता येणे आवश्यक आहे, कारण फोटोंचे एखादे फोल्डर डिलीट झाल्याचे बहुधा पुढच्या सणावारीच लक्षात येते.

पाचवा प्रश्न, ज्याकडे नवखे सहसा पाहत नाहीत : बॅकअप कोणत्या स्वरूपात साठतो? काही सॉफ्टवेअर साध्या फाइली साठवतात, ज्या कोणत्याही संगणकावर उघडतात. काही स्वतःच्या खास स्वरूपात साठवतात, ज्या उघडायला तेच सॉफ्टवेअर लागते. दुसऱ्या पद्धतीत जागा वाचते आणि पासवर्डही लावता येतो. पण दहा वर्षांनंतर ते सॉफ्टवेअर मिळेल का, हा प्रश्न उरतो. मॅक्रियम रिफ्लेक्टची विनामूल्य आवृत्ती अनेक वर्षे घरोघरी शिफारस होत असे. तिचा आधार १ जानेवारी २०२४ पासून संपला, आणि आजही जुन्या व्हिडिओंमध्ये तिचेच नाव ऐकू येते. म्हणून फोटो आणि कागदपत्रे साध्या फाइलींच्या स्वरूपात आणि विंडोजची डिस्क इमेजच्या स्वरूपात ठेवावी, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी : नावे

विंडोजच्या डिस्कच्या इमेजसाठी ‘वीम एजंट’ची विनामूल्य आवृत्ती विश्वासार्ह आहे. ती संपूर्ण संगणक, निवडक ड्राइव्ह किंवा निवडक फोल्डर यांचा बॅकअप घेते, इमेजमधून एकेक फाइलही काढून देते आणि संगणक सुरू करणारा पेन ड्राइव्ह बनवते. विनामूल्य आवृत्तीत बॅकअपचे एकच काम आखता येते. एसएसडीसाठी एक वेळापत्रक आणि डी ड्राइव्हसाठी दुसरे, असे त्यात जमत नाही. तशी वेगवेगळी वेळापत्रके हवी असतील, तर हासलिओ बॅकअप स्वीट पाहावे. एओएमईआय बॅकअपर आणि ईझअस टोडू बॅकअप यांच्याही विनामूल्य आवृत्त्या आहेत, परंतु त्यांतील काही सोयी पैसे भरल्यावरच खुल्या होतात. आपल्याला हवी असलेली रिस्टोअरची, म्हणजे डेटा परत आणण्याची सोय विनामूल्य भागात आहे ना, हे आधी पाहावे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ हा जुना पर्याय अजून दिसतो, पण त्यातील सिस्टम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच कालबाह्य म्हणून जाहीर केली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती धरू नये.

डी ड्राइव्हवरील फाइलींसाठी, घरात फारसे तांत्रिक कोणी नसेल तर, लायब्ररीत फोल्डर जोडून फाइल हिस्टरी वापरावी, किंवा व्हर्जनिंग चालू करून फ्रीफाइलसिंक वापरावे. थोडी सवय असणाऱ्याला कोपिया आणि डुप्लिकॅटी ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आवडतील. दोन्हींत पासवर्डचे संरक्षण आहे, आणि क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर प्रत पाठवता येते. लिनक्सवर देजा-दुप फाइलींसाठी पुरेसे आहे. टाइमशिफ्ट हे प्रामुख्याने सिस्टमच्या फाइलींसाठी असून आपली कागदपत्रे ते सहसा घेत नाही. मॅक असेल तर टाइम मशीनच वापरावे, अधिक शोधाशोध करू नये.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना संगणक बदलण्याचा किंवा विंडोज ११ वर जाण्याचा विचार असेल, तर त्याआधी इमेज घेऊन ठेवावी, आणि निवडलेले सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालते याची खात्री करून घ्यावी.

सहावी पायरी : बॅकअपची डिस्क आणि वेळ

बॅकअपची डिस्क मूळ डेटाच्या दीडपट ते दुप्पट असावी. आपल्या उदाहरणात एसएसडीवर ११० जीबी आणि हार्ड डिस्कवर ६०० जीबी भरलेले असेल, तर २ टीबीची डिस्क आवृत्त्यांसह पुरते. घरी आणल्यावर विंडोज त्या डिस्कचा आकार १.८१ टीबी दाखवेल. यात फसवणूक नसते, निर्माते आणि विंडोज यांची मोजण्याची रीत वेगळी आहे. डिस्क फॅट३२ स्वरूपात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही, म्हणून ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्यावी.

वेळेचा अंदाज आधीच केलेला बरा. सेकंदाला १०० एमबी वेगाने ६०० जीबी जायला सुमारे पावणेदोन तास लागतात. तीच डिस्क चुकून जुन्या यूएसबी २.० पोर्टला, बहुधा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जोडली, तर पाच-सहा तास लागतात. निळ्या रंगाचा पोर्ट सहसा यूएसबी ३.० चा असतो. क्लाउडचे गणित वेगळे : इंटरनेटचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस (सेकंदाला २० मेगाबिट, म्हणजे सुमारे २.५ एमबी) असेल, तर ६०० जीबी चढवायला दिवसरात्र चालू ठेवूनही जवळजवळ तीन दिवस लागतील. म्हणून क्लाउडवर फक्त पुन्हा न मिळणारा डेटा पाठवावा. काही क्लाउड सेवांमध्ये बाहेरची डिस्क ठराविक मुदतीत पुन्हा जोडली नाही, तर तिची प्रत काढून टाकली जाते. करार वाचताना हे कलम शोधावे.

सातवी पायरी : विकत घेण्यापूर्वी, आणि नंतरही, रिस्टोअर

बहुतेक पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती महिनाभर चालते. त्या काळात पुढील चाचणी करावी. डी ड्राइव्हवर ‘चाचणी’ नावाचे फोल्डर तयार करावे. त्यात देवनागरी नावाची एक फाइल, उदाहरणार्थ ‘आजीची पंचाहत्तरी’, एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेलची फाइल आणि फोल्डरच्या आत फोल्डर अशी रचना ठेवावी. बॅकअप घ्यावा. मग एक्सेलमधील एक आकडा बदलून पुन्हा बॅकअप घ्यावा. त्यानंतर संपूर्ण फोल्डर डिलीट करावे आणि आधी पहिली, मग दुसरी आवृत्ती परत मागवावी. फाइलींची नावे काना-मात्रेसह जशीच्या तशी आली का, एक्सेलमधील जुना आकडा दिसला का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला का, फाइलीची मूळ तारीख टिकली का, हे पाहावे. मूळ जागी न आणता दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करण्याची सोयही याच वेळी वापरून पाहावी, कारण खऱ्या प्रसंगी मूळ ड्राइव्ह शिल्लकच नसतो.

इमेजची चाचणी अशी पूर्णपणे करता येत नाही, पण तिचा महत्त्वाचा भाग करता येतो. सॉफ्टवेअरने बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि समोर येणाऱ्या पडद्यावर एक्स्टर्नल डिस्क व तिच्यातील इमेज दिसते का, एवढेच पाहावे. ‘रिस्टोअर’चे बटण दाबू नये. डिस्क दिसली नाही तर लागणारा ड्रायव्हर पेन ड्राइव्हमध्ये घालून घेण्याची ती वेळ असते. प्रत्यक्ष रिस्टोअर करायची वेळ आली, तर ती करताना डी ड्राइव्हच्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे चुकून तिच्यावर विंडोज लिहिले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. अनेक ड्राइव्हच्या संगणकात रिस्टोअर करताना होणारे सर्वांत मोठे नुकसान असे चुकीची डिस्क निवडल्यामुळेच होते.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नव्या विंडोज ११ संगणकांत ते मालकाच्या नकळतही चालू झालेले असते. अशा चालू संगणकाची घेतलेली इमेज मात्र बहुधा उघडी असते, म्हणून बॅकअपला वेगळा पासवर्ड देण्याचा विचार करावा. हा पासवर्ड विसरल्यास तो बॅकअप कोणीही उघडू शकत नाही, सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीसुद्धा नाही.

आठवी पायरी : वेळापत्रक आणि घराबाहेरची प्रत

घरगुती वापरासाठी फाइलींचा बॅकअप आठवड्यातून एकदा आणि विंडोजची इमेज महिन्यातून एकदा पुरते; दुकानाचा हिशेब त्याच संगणकावर असेल तर हिशेबाच्या फोल्डरचा बॅकअप रोज घ्यावा. बॅकअप पूर्ण झाला की ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर आणि वीज या दोन्हींसाठी ती मूळ डिस्कइतकीच उघडी असते.

घराबाहेरच्या प्रतीसाठी दुसरी एक डिस्क घ्यावी. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी ती विश्रामबाग, कुपवाड किंवा तासगाव-विटा अशा उंचावरच्या ठिकाणी राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी, तिच्यावर ताजी प्रत घ्यावी. दुसरी ताजी प्रत मार्चअखेरीस, वर्षाचे हिशेब बंद करताना घेणे सोयीचे जाते. ३१ मार्च हा दिवस जगभर बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. या डिस्कसाठी हार्ड डिस्कच निवडावी, कारण वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीवरील डेटा हळूहळू नाहीसा होण्याचा धोका असतो.

शेवटी एक कागद तयार करावा. त्यावर कोणती डिस्क कोठे आहे, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली, रिस्टोअरचा पेन ड्राइव्ह कोणत्या खणात आहे आणि पहिल्यांदा कोणते बटण दाबायचे, हे घरातील दुसऱ्या कोणालाही कळेल अशा मराठीत लिहावे. पासवर्ड त्याच कागदावर न लिहिता बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर वेगळा ठेवावा. संगणकात नवी डिस्क बसवली, जुनी काढली किंवा एखाद्या ड्राइव्हचे अक्षर बदलले, की त्याच दिवशी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधील निवड उघडून ती या कागदाशी ताडून पाहावी. नवा ड्राइव्ह तेथे बहुधा टिक केलेला नसतो, आणि तो स्वतः टिक करावा लागतो.